विश्लेषण : आतड्याच्या कर्करोगाचा संशय, दुर्बीण तपासणीऐवजी सीटी स्कॅन पुरेसे आहे का?

२०२० च्या आषाढीला देहूहून तुकोबांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. ना दिंड्या, ना मुक्काम. मावळात इंद्रायणीकाठच्या या पट्ट्यातले सुदुंबरे हे तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. पायी वारी चुकली, याची हळहळ इथल्या घराघरांत होती. पण वाट बदलली तरी पादुका पोहोचल्या. त्याच वर्षी वैद्यकशास्त्रासमोरही असाच प्रश्न होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संशय आला, की नेहमीची वाट म्हणजे कोलोनोस्कोपी, अर्थात गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली तपासणी. करोनाने तीच वाट बंद केली. मग जगभरातील डॉक्टरांनी सीटी स्कॅनची वाट धरली. ती रुग्णाला निदानापर्यंत कितपत पोहोचवते? साथ ओसरल्यावरही हा प्रश्न जुना झालेला नाही. अंतर, खर्च, संकोच आणि दुर्बिणीची भीती यांमुळे ‘त्यापेक्षा सीटीच करून टाकू’ असे म्हणणारे रुग्ण आजही कमी नाहीत.

दुर्बीण तपासणी बंद का झाली होती?

कोलोनोस्कोपीच्या वेळी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण बराच वेळ एकमेकांच्या अगदी जवळ असतात. करोना विषाणूचे अंश रुग्णांच्या विष्ठेत सापडत होते. तपासणीच्या वेळी उडणाऱ्या तुषारांतून संसर्ग पसरेल, अशी भीती होती. पीपीई किटचा तुटवडा होता आणि दुर्बीण विभागातील कर्मचारी करोना वॉर्डात हलवले गेले होते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तातडीच्या तपासण्या वगळता बाकी सर्व थांबवण्याचा सल्ला दिला. भारतातील पोटविकार, एंडोस्कोपी आणि यकृतविकार तज्ज्ञांच्या तीन संघटनांनीही मिळून तशाच मार्गदर्शक सूचना काढल्या : तातडीचे नसेल ते पुढे ढकला.

परिणाम लगेच दिसला. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मधील कोलोनोस्कोपींची संख्या आदल्या वर्षीच्या मासिक सरासरीपेक्षा ९२ टक्क्यांनी घटली. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तिथे आतड्याच्या कर्करोगाचे निदान होऊन उपचार सुरू झालेले रुग्ण साडेतीन हजारांहून अधिक कमी भरले. कर्करोग कमी झाला नव्हता. तो सापडत नव्हता, एवढेच.

आपल्याकडे काय परिस्थिती होती?

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना त्यात २०१९ मधील त्याच तीन महिन्यांशी केली होती. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी झाली. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ झाल्या. सीटी, एमआरआयसारख्या प्रतिमा तपासण्या ९३,४४९ वरून ५३,५६० पर्यंत घसरल्या. हे आकडे सर्व प्रकारच्या कर्करोगांचे आहेत, पण आतड्याचे रुग्ण त्यातच होते.

आकड्यांमागची अडचण मावळातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय करोना रुग्णांसाठी राखून ठेवले होते. पुण्यात ससूनची नवी इमारतही करोनासाठीच उघडली गेली. पुणे-लोणावळा लोकल बंद झाली. टाटा रुग्णालय गाठायचे, तर जिल्ह्याची हद्द ओलांडायला ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत ई-पास लागत होता. अशा वेळी शौचावाटे पडणारे थोडेसे रक्त ‘मूळव्याधच असेल, करोना संपला की बघू’ असे म्हणून मागे टाकले जाणे स्वाभाविक होते. धोका नेमका तिथेच होता.

उशीर झाला तर एवढे काय बिघडते?

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत तिसरा, तर मृत्यूंच्या बाबतीत दुसरा आहे. २०२० मध्ये जगभरात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू झाले. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची संख्या सुमारे ६५ हजार होती. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, पण दोन गोष्टी काळजीच्या आहेत. इथले बरेच रुग्ण चाळिशी-पन्नाशीतलेच असतात, आणि अनेक जण आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर येतात.

हा कर्करोग बहुधा पोलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या मांसल कोंबापासून सुरू होतो. पोलिपचा कर्करोग व्हायला कित्येक वर्षे लागतात. मात्र एकदा कर्करोग झाला, की महिने मोजावे लागतात. २०२० मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या एका एकत्रित अभ्यासानुसार, कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. इंग्लंडमधील संशोधकांनी त्याच वर्षी केलेल्या अंदाजानुसार, केवळ निदानातील विलंबामुळे तिथे आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू पुढील पाच वर्षांत सुमारे १५ ते १७ टक्क्यांनी वाढणार होते. म्हणून साथीच्या काळात ‘तपासणी नाही’ हा पर्याय सुरक्षित नव्हता. प्रश्न होता तो कोणती तपासणी, कोणाची आणि किती लवकर, याचा.

सीटी स्कॅनच का निवडले गेले?

लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांनी बनवलेले ते यंत्र फक्त मेंदूसाठी होते. आजचे यंत्र छाती, पोट आणि ओटीपोटाची शेकडो चित्रे काही सेकंदांत घेते. रुग्ण टेबलावर एकटा असतो आणि तंत्रज्ञ काचेपलीकडे. भूल नाही, दाखल होणे नाही. संसर्गाच्या दृष्टीने ही जमेची बाजू होती. शिवाय आतड्याचा कर्करोग निघालाच, तर तो यकृतात किंवा फुप्फुसात पसरला आहे का, हे पाहायला सीटी करावाच लागतो. त्यामुळे आधी केलेली ही तपासणी वाया जात नव्हती.

महाराष्ट्रात मात्र सीटी यंत्रापुढेही रांग होती. करोनाच्या निदानासाठी छातीच्या एचआरसीटीचा धडाका सुरू होता. दर इतके वाढले, की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला यंत्राच्या क्षमतेनुसार दोन, अडीच आणि तीन हजार रुपये अशी कमाल मर्यादा घालावी लागली. यंत्र एकच, त्याच खोलीत करोनाचे रुग्ण, प्रत्येकानंतर निर्जंतुकीकरण. पोटाच्या सीटीसाठी आलेल्या रुग्णाला थांबणे आणि धास्ती दोन्ही चुकले नाही. पोटाच्या सीटीत फुप्फुसांचा खालचा भागही येतो. पोटदुखीसाठी आलेल्या काहींच्या बाबतीत करोनाच्या खुणा तिथेच पहिल्यांदा दिसल्या.

सगळे सीटी स्कॅन सारखेच असतात का?

नाही. ‘सीटी केला, काही निघाले नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न हाच : कोणता सीटी?

पहिला प्रकार नेहमीचा. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे आयोडीनयुक्त द्रव्य देऊन पोट आणि ओटीपोटाचा सीटी. मोठी गाठ, आतड्याचा अडथळा, यकृतातील पसरलेला आजार आणि वाढलेल्या लसिकाग्रंथी यात चांगल्या दिसतात. पण आतडे साफ केलेले नसते आणि त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे साचलेला मळ आणि छोटी गाठ यांत घोळ होऊ शकतो.

दुसरा प्रकार मधला. जुलाब देऊन आतडे पूर्ण साफ न करता, आधीच्या एक-दोन दिवसांत रुग्णाला कॉन्ट्रास्ट द्रव्य थोडे थोडे प्यायला देतात. ते मळात मिसळते आणि चित्रात मळ पांढरा दिसतो. त्यामुळे गाठ वेगळी ओळखता येते. वृद्ध आणि अशक्त रुग्णांना हा प्रकार झेपतो. करोनाकाळात स्कॉटलंडमधील एडिनबर्गच्या डॉक्टरांनी विष्ठेतील रक्ताची तपासणी आणि अशा प्रकारचा सीटी यांची सांगड घालून संशयित रुग्णांची वर्गवारी केली.

तिसरा प्रकार सीटी कोलोनोग्राफी. यात आतड्याची तयारी करून गुदद्वारातून बारीक नळीने कार्बन डायऑक्साइड वायू किंवा हवा भरतात. आतडे फुगते. मग रुग्णाला पाठीवर आणि पोटावर झोपवून दोनदा सीटी घेतात. संगणकावर आतड्याच्या आतून फिरल्यासारखे चित्र दिसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात कर्करोग पकडण्याची या तपासणीची क्षमता सुमारे ९६ टक्के आढळली, म्हणजे कोलोनोस्कोपीच्या तोडीची. ब्रिटनमधील २१ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही कर्करोग किंवा मोठे पोलिप सापडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ११ टक्के, म्हणजे सारखेच होते. मात्र ही तपासणी करणारा आणि ती चित्रे वाचणारा प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट लागतो. प्रत्येक तालुक्याच्या गावी तो मिळेलच असे नाही.

मग सीटी कुठे कमी पडतो?

त्याच ब्रिटिश चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. सीटी कोलोनोग्राफी झालेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांना पुढे आणखी तपासणी करावी लागली. कोलोनोस्कोपी झालेल्यांत हे प्रमाण आठ टक्के होते. कारण उघड आहे. सीटी दाखवतो, पण हात लावत नाही. संशयास्पद भागाचा तुकडा काढता येत नाही आणि पोलिप असेल तर तो तिथल्या तिथे कापता येत नाही. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान किंवा चपटे पोलिप त्यातून निसटतात.

आपल्याकडे तुकडा तपासणीला, म्हणजे बायोप्सीला, आणखी एक कारण आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळते, त्या उजव्या बाजूच्या भागाची भिंत सीटीत जाड दिसली, तर तो कर्करोग असू शकतो, तसाच आतड्याचा क्षयरोगही असू शकतो. आमांशाच्या अमिबामुळेही तिथे गाठीसारखी सूज येते. तिन्हींचे चित्र एकमेकांशी मिळतेजुळते आणि उपचार पूर्णपणे वेगळे. चित्रावरून अंदाज बांधता येतो, निदान तुकड्यावरूनच पक्के होते.

गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातील गाठ नेहमीच्या सीटीत सहज सुटू शकते. तिथे सर्वांत स्वस्त तपासणी कामी येते : हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी. दोन मिनिटांचे काम, यंत्र लागत नाही. भारतातील रुग्णांत गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा असल्याने तिचे मोल अधिक. करोनाकाळात फोनवर आणि ई-संजीवनीसारख्या दूरसंवादातून सल्ला मिळाला, ही सोय होती. पण बोटाने तपासणी फोनवर होत नाही. मूळव्याध समजून मलम लिहून दिले जाण्याची शक्यता त्यामुळे वाढली.

किरणोत्साराची भीती खरी किती?

मे २०२१ मध्ये ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य करोनात सीटी करू नका, एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, असा इशारा दिला होता. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने तो आकडा जुन्या यंत्रांचा असल्याचे सांगत आक्षेप घेतला. या वादातून अनेकांच्या मनात सीटीची सरसकट धास्ती बसली.

इथे फरक कारणाचा आहे. पोट आणि ओटीपोटाच्या सीटीत साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्ट किरणोत्सार होतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एक सीटी हा तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्साराइतका. लक्षणे नसताना उगाच करावा असा नाही, पण साठीच्या माणसाला रक्त जात असेल आणि वजन घटत असेल, तर न सापडलेल्या कर्करोगाचा धोका त्याहून कितीतरी मोठा. गर्भवतींनी मात्र ही तपासणी टाळायची असते, म्हणून तशी शक्यता असल्यास आधीच सांगावे.

कॉन्ट्रास्टची काळजी वेगळी. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झालेली असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. सहसा आधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी गोळी थांबवायची का, हे स्वतः न ठरवता विचारून घ्यावे.

कोणाला आधी तपासायचे, हे कसे ठरवले?

करोनाकाळातील खरा धडा यंत्राचा नाही, वर्गवारीचा आहे. ‘फिट’ नावाची साधी तपासणी त्यातून पुढे आली. घरी काडीने विष्ठेचा नमुना घ्यायचा आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे मानवी रक्त किती आहे, हे प्रयोगशाळेत मोजायचे. आधी पथ्य नाही, जुलाब नाहीत. ब्रिटनमध्ये एक ग्रॅम विष्ठेत दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक रक्त निघाले, तर पुढील तपासणी तातडीने करतात. आकडा जितका मोठा, तितका क्रम वरचा. साथीच्या अडचणीत सर्रास वापरात आलेली ही पद्धत ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी अधिकृतपणे स्वीकारली.

आपल्याकडे ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते. मात्र मूळव्याध, आमांश आणि आतड्याला सूज आणणारे इतर आजार यांमुळेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोग नव्हे आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे पूर्ण अभयदान नव्हे. रांगेत पुढे कोणाला घ्यायचे, एवढे ती सांगते.

सीटी ‘नॉर्मल’ आला तर सुटलो का?

लक्षणे थांबली आणि डॉक्टर समाधानी असतील तर बहुधा हो. पण रक्त पडणे चालू असेल, हिमोग्लोबिन पुन्हा घसरत असेल, ‘फिट’ची पातळी जास्त असेल किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला कमी वयात हा कर्करोग झाला असेल, तर दुर्बीण तपासणी टाळू नये. करोनाकाळातही सीटी करून ‘आता थांबा’ असे सांगितलेल्या रुग्णांची यादी ठेवून त्यांना नंतर बोलावणे, हा या पर्यायी मार्गाचाच भाग होता. ते बोलावणे चुकले, की सीटीचा ‘नॉर्मल’ अहवाल खोटा दिलासा ठरतो.

उलट काही वेळा सीटीच आधी हवा. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, शौचाला आणि वायू सरायला बंद झाले आहे, अशा वेळी आतड्यात अडथळा असू शकतो. तिथे घरी एनिमा किंवा जुलाबाचे औषध घेऊ नये, थेट रुग्णालय गाठावे.

सुदुंबऱ्यातल्या रुग्णाने आज काय करावे?

समजा, सुदुंबऱ्यातल्या पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याला दोन महिन्यांपासून शौचाच्या वेळा बदलल्यासारख्या वाटतात, अधूनमधून रक्त दिसते आणि थकवा येतो. त्याने सुरुवात सीटीपासून करायची नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन तपासावे आणि बोटाने तपासणी करून घ्यावी. तळेगाव दाभाड्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचे आणि पुण्यात ससून. करोनातले अडथळे आज नाहीत. दुर्बीण तपासणी शक्य असेल तर तीच करावी. वय, हृदयविकार किंवा अशक्तपणामुळे ती झेपणार नसेल, अर्धवट राहिली असेल किंवा तिची तारीख फार लांबची मिळत असेल, तर सीटीचा पर्याय विचारावा.

विचारताना हे चार प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्यावेत :

१. माझा सीटी साधा आहे, की आतड्याची तयारी करून केलेला?

२. गुदाशयाची बोटाने तपासणी झाली आहे का?

३. काही सापडले तर बायोप्सी कुठे आणि किती दिवसांत होईल?

४. काही सापडले नाही, पण त्रास चालू राहिला, तर पुन्हा कधी यायचे?

खर्चाचा प्रश्न असतोच. महात्मा फुले जनआरोग्य योजना करोनाकाळात राज्यातील सर्व रहिवाशांसाठी खुली झाली आणि कर्करोगावरील अनेक उपचार तिच्यात आहेत. दाखल होण्याआधीच्या तपासण्या त्यात बसतात का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. पावत्या आणि अहवाल जपून ठेवावेत. सीटीची सीडी किंवा फिल्म फेकू नये. पुढच्या डॉक्टरांना जुन्या चित्राशी तुलना करायला तीच लागते.

साथीने एवढे दाखवून दिले, की नेहमीची वाट बंद झाली तरी निदान थांबवायचे नसते. सीटीने त्या काळात अनेकांचा वेळ वाचवला. पण ही वाट जिथवर जाते, तिथून पुढे बायोप्सीपर्यंतचे अंतर उरतेच. ते अंतर कापायला आज ई-पास लागत नाही. महिनाभर रक्त दिसत असूनही ‘मूळव्याधच असेल’ म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला एवढे सांगायला हवे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)